झुडपाला वाटा, माणसाला वाटाण्याच्या अक्षता!

कलहारीच्या वाळवंटात हूडिया नावाचे एक काटेरी, मांसल झुडूप उगवते. शिकारीच्या लांबच्या वाटेवर भूक-तहान मारण्यासाठी सान लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याचा गर चघळत आले. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी विज्ञान परिषदेने त्यातल्या भूक मारणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले आणि एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. हे ज्ञान ज्यांनी जपले त्यांना विचारावे, असे मात्र कुणालाही वाटले नाही. बोभाटा झाला, वकील उभे राहिले, आणि अखेर मार्च २००३ मध्ये करार झाला. उत्पन्नात सान समाजाचा वाटा मान्य झाला. वाटा किरकोळ होता, पुढे त्यातून अपेक्षित पैसाही आला नाही. पण तत्त्व तरी कागदावर चढले.

सात वर्षांनी शास्त्रज्ञांना त्याच सान लोकांच्या अंगातले द्रव्य हवे झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नामिबियातल्या चार सान वृद्धांच्या आणि आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध झाले. दोन सान माणसांत सरासरीने जेवढा जनुकीय फरक आढळतो, तेवढा एखादा युरोपीय आणि एखादा आशियाई यांच्यातही नसतो, हा त्यातला निष्कर्ष जगभर गाजला. निबंध गाजला, संशोधक गाजले. संमती नेमकी कशी घेतलीत, आमच्याविषयी जे छापलेत ते आधी आम्हाला का दाखवले नाहीत, असे सान पुढाऱ्यांनी विचारले, तेव्हा त्यांचे समाधान होईल असे उत्तर कुणी दिले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जपानमधल्या नागोया शहरी राष्ट्रे जमली आणि जैविक संपत्तीच्या लाभवाटपाचा करार झाला. त्यात वनस्पती आल्या, प्राणी आले, सूक्ष्मजीव आले. माणूस आला नाही. १९९५ सालीच जैवविविधता कराराच्या जकार्ता बैठकीत त्याला बाहेर काढून ठेवले होते. म्हणजे सान माणसाच्या पायाखालच्या झुडपातून कुणी पैसा काढला तर त्याने वाटा मागावा, आणि त्याच्या नसांतून काढला तर हात जोडून उभे राहावे! हा कायदा आहे की थट्टा?

हे नुसते तत्त्वाचे भांडण असते, तर आम्ही अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. पण आफ्रिकेच्या रक्तात जे आहे ते उद्याच्या औषधशास्त्राचे भांडवल आहे, आणि ते फुकट उचलले जात आहे. काय आहे त्या रक्तात?

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा एक पट्टा आहे. पेशीच्या आत काय शिजते आहे त्याचा तुकडा दारात आणून पहारेकऱ्यांना दाखवणे, हे या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे काम. पेशीत विषाणू घुसला असेल तर त्याचा तुकडा दिसतो आणि शरीराचे सैन्य धावून येते. कोणता तुकडा दाखवता येईल आणि कोणता नजरेतून निसटेल, हे तुमच्या एचएलएच्या प्रकारावर ठरते. असे प्रकार आजवर चाळीस हजारांवर नोंदले गेले आहेत. माणसाच्या सगळ्या जनुकांत एवढे वैविध्य दुसरीकडे नाही. कारण उघड आहे. रोगजंतू वेष पालटत राहतात, आणि ज्या समाजात सगळ्यांचे पहारे एकाच साच्याचे असतात तो एका साथीत आडवा होतो.

आता हे वैविध्य सर्वांत जास्त कुठे असेल? जिथे माणूस सर्वांत जास्त काळ राहिला, तिथे. माणसाची जात आफ्रिकेत सुमारे तीन लाख वर्षे नांदली. पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी त्यातली मूठभर टोळकी बाहेर पडली, आणि युरोप, आशिया, अमेरिका त्यांच्याच वंशजांनी भरली. मूठभरांनी मूठभरच ऐवज बरोबर नेला. बाकीचा मागे राहिला, आणि मलेरिया, निद्रारोग, ताप-साथींच्या भट्टीत हजारो वर्षे तावून निघाला. २०२० साली आफ्रिकी संशोधकांच्या पुढाकाराने पन्नास भाषिक-वांशिक समूहांतल्या अवघ्या ४२६ माणसांचे जनुकवाचन झाले. त्यात तीस लाखांहून अधिक असे फरक सापडले, जे जगातल्या एकाही नोंदवहीत नव्हते. निसर्गाच्या निवडीचा जोरदार ठसा उमटलेल्या बासष्ट नव्या जागा सापडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच विषाणूंशी झुंजणाऱ्या जनुकांत होत्या. ४२६ माणसांत एवढे! त्या खंडात माणसे एकशे चाळीस कोटींहून अधिक आहेत, भाषा दोन हजारांच्या घरात आहेत.

आणि या महासागराविषयी जगाच्या विज्ञानाने काय केले? २००२ मध्ये ‘हॅपमॅप’ नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. मानवजातीच्या जनुकीय भेदांचा नकाशा काढायचा होता. पहिल्या टप्प्यात चार समूह निवडले: अमेरिकेतल्या यूटाचे युरोपीय वंशाचे लोक, बीजिंगचे हान चिनी, टोकियोचे जपानी, आणि आफ्रिकेच्या वतीने नायजेरियातल्या इबादानचे नव्वद योरुबा. संपले! इबादानमधली तीस कुटुंबे कैक वर्षे साऱ्या आफ्रिकेची मुखत्यार होऊन बसली. कलहारीचे सान, काँगोच्या अरण्यातले लोक, इथिओपियाच्या पठारावरचे अम्हारा, केनियाचे मसाई, सगळे त्या नव्वदांत आले म्हणे. नॉर्वेच्या माणसाकडे पाहून जपानी माणसाचे औषध ठरवा, असे कुणी म्हटले तर त्याला वेड्यात काढतील. आफ्रिकेत त्याहून मोठी दरी या महापंडितांनी एका शब्दात बुजवली. तो शब्द म्हणजे ‘काळे’.

पुढचा हिशेबही तसाच. जनुके आणि रोग यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे, १० टक्के आशियाई आणि २ टक्के आफ्रिकी, अशी मोजणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, २०१८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या ९१० माणसांची जनुके तपासली, तेव्हा असे दिसले की सगळे जग ज्याला मानवाचा प्रमाण जनुकसंच म्हणते, त्यात या माणसांकडे असलेली सुमारे तीस कोटी अक्षरे नाहीतच. जवळजवळ दहा टक्के मजकूर गायब असलेल्या पोथीला प्रमाणग्रंथ म्हणायचे, आणि तिच्यात न बसणाऱ्याला अपवाद ठरवायचे!

‘पुस्तकी गोष्टी आहेत, माणसाच्या जिवाशी त्यांचा काय संबंध?’ असे कुणी म्हणेल. संबंध ऐकाच.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचे प्रथिन नसते. व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू बहुतांशी याच कडीला धरून पेशीत शिरतो. कडीच नाही, तर शिरणार कुठून? पिढ्यान्‌पिढ्यांच्या तापाने निवडलेली ही ढाल आहे. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. या माणसांच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची मोजणी कमी भरते. माणूस ठणठणीत असतो, जंतुसंसर्ग अधिक होत नाही, फक्त आकडा कमी. आणि आकड्याची रेषा कुणी आखली? युरोपीय रक्त मोजून, मायक्रोलिटरला पंधराशे अशी. मग ठणठणीत माणसाच्या कपाळी शिक्का बसतो: रक्तदोष! त्याला औषधांच्या चाचणीत घेत नाहीत. कर्करोगाचे औषध कमी मात्रेत देतात किंवा मधेच थांबवतात. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचे, बाकी सगळे थकल्यावरचे औषध. ते कितीतरी काळ्या रुग्णांना या आकड्यापायी नाकारले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यासाठी वेगळी मर्यादा ठरवली ती २०१५ साली! कारणीभूत जनुक तर २००८-०९ मध्येच सापडले होते. आणि २००९ मध्येच केनिया, युगांडा, रवांडा, झांबिया येथल्या निरोगी माणसांचे रक्त तपासून दाखवून दिले होते, की अमेरिकी मोजपट्टी लावली तर त्यांच्यातले कितीतरी जण कागदोपत्री आजारी ठरतात. आफ्रिकेसाठी लस बनवायची, आफ्रिकेत चाचणी घ्यायची, आणि आफ्रिकी माणूस आफ्रिकी आहे म्हणून त्याला चाचणीतून हाकलायचे. याला शास्त्र म्हणायचे?

कंपालाच्या मुलागो रुग्णालयाकडे चला. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येणे, आई आणि मूल दोघांचा जीव धोक्यात येणे, हे दुखणे आफ्रिकी स्त्रियांत अधिक आणि अधिक घातक आढळते. गर्भाशयात आईच्या ‘मारेकरी’ म्हणवणाऱ्या पेशी असतात. नाव भयंकर असले तरी तिथे त्यांचे काम वार नीट रुजवण्याचे असते. त्या पेशींवरचे ‘केआयआर’ हे ग्राहक आणि गर्भाकडून आलेले एचएलए-सी यांचा मेळ बसला नाही, तर वारेला रक्त कमी पडते आणि पुढचा अनर्थ घडतो. युरोपीय स्त्रियांत कोणते केआयआर जनुक संरक्षण देते, ते केंब्रिजमध्ये सापडले होते. मकेरेरे विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅनेटी नाकिमुली यांनी केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या साथीने मुलागोतल्या मातांचे रक्त तपासले आणि २०१५ मध्ये दाखवून दिले, की युगांडाच्या मातेचे रक्षण करणारे जनुक निराळेच आहे, केआयआर जनुकांच्या पट्ट्याच्या निराळ्या टोकाला आहे. युरोपात बेतलेली चाचणी कंपालात आणून लावली असती, तर जिला धोका आहे तिला निर्धास्त सांगून घरी पाठवले असते! हा शोध लागला तो केवळ एक आफ्रिकी स्त्रीरोगतज्ज्ञ, जिच्या हातांखालून रोज हा मृत्यू जात होता, प्रयोगशाळेत जाऊन बसली म्हणून. अशा किती नाकिमुली आपापल्या वॉर्डात सलाईन आणि हातमोज्यांची जुळवाजुळव करण्यातच म्हाताऱ्या होत असतील, याचा हिशेब कुणी ठेवला आहे?

रक्ताच्या कर्करोगावर किंवा सिकलसेलवर अस्थिमज्जा बदलायची तर दात्याचे एचएलए जुळावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीत गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, काळ्या रुग्णाला २९. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मऊ ऊतींच्या कर्करोगावर जनुकांत बदल केलेल्या पेशींचा उपचार तिथे मंजूर झाला. तो चालतो फक्त एचएलए-ए-०२ चे ठरावीक प्रकार असलेल्यांना. युरोपीय वंशात असे जवळजवळ निम्मे लोक सापडतात, आफ्रिकी वंशात बरेच कमी. उद्याच्या कर्करोगाच्या लसी याच धर्तीवर येणार आहेत. विषाणूचा कोणता तुकडा कोणते एचएलए धरेल याचे भाकीत करणारी संगणकी साधनेही जिथे नमुने मुबलक तिथल्याच माहितीवर शिकलेली आहेत. म्हणजे आजचे अज्ञान यंत्रात भरून उद्याच्या औषधात उतरवण्याची पक्की सोय झाली आहे.

इथे एका उलट्या भ्रमाचेही कान उपटले पाहिजेत. कोविडच्या काळात अनेक शहाण्यांनी आफ्रिकनांची प्रतिकारशक्तीच दांडगी, त्यांना लसीची घाई काय, असा सूर लावला होता. वैविध्य म्हणजे अभेद्य कवच नव्हे. एपीओएल-१ हे जनुक पाहा. त्याचे दोन बदललेले प्रकार पश्चिम आफ्रिकेत पसरले. त्से-त्से माशीच्या चाव्यातून येणाऱ्या निद्रारोगाच्या जंतूला ते रक्तातच फोडतात. पण हेच प्रकार आई-बाप दोघांकडून आले, तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. २०१० मध्ये हे उघड झाले. तोवर काळ्या अमेरिकनांची मूत्रपिंडे का लवकर झिजतात, याचे उत्तर त्यांच्या खाण्यापिण्यात आणि ‘वंशात’ शोधले जात होते. ढाल आहे, आणि ढालीची किंमतही आहे. जिवाने मोजलेली किंमत. आता बोस्टनच्या एका बड्या कंपनीचे औषध याच जनुकाच्या प्रथिनाला रोखते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत रुग्णांच्या लघवीतून जाणारी प्रथिने जवळजवळ निम्म्याने घटली. औषध यावे, जरूर यावे, त्याला आमच्या शुभेच्छा. पण ज्या पश्चिम आफ्रिकेच्या शेकडो पिढ्यांनी ते जनुक जिवावर उदार होऊन घडवले, तिथल्या डायलिसिसलाही मोताद असलेल्या रुग्णापर्यंत ते कोणत्या दराने पोहोचेल? या प्रश्नाचे उत्तर एकाही कायद्यात नाही.

सिकलसेलवर उत्तर आधीच मिळाले आहे. जगात या रोगासह जन्मणाऱ्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेतली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुक-कात्रीच्या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा कोटी रुपयांच्या वर. लुआंडाच्या आईने हे कुठून आणायचे? हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध अंगोला, काँगो, केनिया, युगांडातल्या मुलांना दिले तर वेदना, मलेरिया आणि मृत्यूही घटतात, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. तेही आज तिथल्या बहुतेक मुलांच्या हातात नाही.

आणि इबोलाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा पाढा पुरा होत नाही. १९७६ मध्ये यांबुकूच्या मिशन रुग्णालयात उघड्या हातांनी रुग्णांचे रक्त काढणारे काँगोचे डॉ. झाँ-झाक मुयेंबे. १९९५ च्या किकवित साथीतून वाचलेल्या एका रुग्णाच्या रक्तात वर्षांनंतरही टिकून असलेल्या प्रतिपिंडांपासून मुयेंबे आणि अमेरिकी संशोधक यांनी मिळून औषध घडवले. काँगोतच गोळीबाराच्या छायेत त्याची चाचणी झाली, त्याने जीव वाचवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याला अमेरिकेची मान्यता मिळाली. परवाना मायामीच्या कंपनीकडे. आणि मग डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेला जाहीर तक्रार करावी लागली, की उपलब्ध साठ्याचा मोठा भाग अमेरिकेच्या राखीव गोदामात पडून आहे आणि साथ येते तिथे औषध नाही! रक्त किकवितचे, चाचणी काँगोची, मरण काँगोचे, आणि कुपी अमेरिकेच्या सुरक्षेसाठी. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे आणखी कशाला म्हणतात?

नमुन्यांच्या मालकीचेही असेच. ब्रिटनमधल्या सँगर संस्थेत आफ्रिकी लोकांच्या जनुकनमुन्यांवरून व्यापारी चाचणी-चिप बनवण्याचा घाट घातला गेला, असा आरोप २०१९ मध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेच्या स्टेलनबॉश विद्यापीठाने नमुने परत मागितले. संस्थेने गैरप्रकार नाकारला. वाद कुणी जिंकला, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्यांच्या दंडातून रक्त निघाले, त्यांना न्याय मागायला एकही चावडी नव्हती, हे त्यातून ढळढळीत दिसले.

आफ्रिकेच्या सत्ताधीशांना मात्र आम्ही निर्दोष सोडणार नाही. २००१ मध्ये अबुजात याच खंडाच्या राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा पंधरा टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याची शपथ घेतली होती. पाव शतक उलटले, ती पाळणारे देश बोटांवर मोजावेत. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का, हीही घोषणा झाली. बहुतेक देश त्याच्या निम्म्यालाही पोहोचलेले नाहीत. जनतेला अबुजाची घोषणा आणि नेत्याला लंडनचे रुग्णालय! नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी राष्ट्राध्यक्षपदी असताना महिनोन्‌महिने लंडनमध्ये उपचार घेत राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही लंडनमध्येच. ज्या देशाच्या प्रमुखाचा आपल्या रुग्णालयांवर विश्वास नाही, त्याने आपल्या प्रजेच्या जनुकांचे रक्षण करावे, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करावी? लागोसमध्ये २०१९ साली आफ्रिकी जनुकांची पेढी उभारायला निघालेली ‘५४जीन’ ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. सरकारे बघत राहिली. परक्यांच्या दानावर उभे राहिलेले शास्त्र कसे कोसळते, तेही दिसलेच. नायजेरियात जन्मलेल्या चार्ल्स रोतिमींसारख्यांनी उभा केलेला ‘एचथ्री-आफ्रिका’ प्रकल्प अमेरिकी आणि ब्रिटिश पैशावर दहा वर्षे चालला, त्याने शेकडो आफ्रिकी शास्त्रज्ञ घडवले, आणि २०२२ मध्ये पैसा संपला. २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटली. दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. ग्लेंडा ग्रे यांच्या नेतृत्वाखाली आठ आफ्रिकी देशांत एचआयव्ही लसीचे काम नुकते उभे राहत होते. त्याचा निधी एका आदेशासरशी गोठला. मे महिन्यात अमेरिकी आरोग्य संस्थेने परदेशी भागीदारांना जाणारा उपनिधीच रोखला. शीतकपाटांत लाखो नमुने, आणि विजेचे बिल कोण भरणार याची पंचाईत! कॅमेरूनचे अँब्रुआझ वोंकाम यांनी २०२१ मध्ये तीस लाख आफ्रिकी माणसांच्या जनुकवाचनाची योजना मांडली. योजना उत्तम आहे. तिला पैसा आफ्रिकेच्या तिजोरीतून आला पाहिजे, नाहीतर तीस लाखांचे रक्त पुन्हा परक्याच्या कपाटात जाईल.

‘विज्ञान साऱ्या मानवजातीचे, त्याला कुंपण घालू नका,’ असा उपदेश आता कानी येईल. ऐकायला फार गोड! माहिती खुली, नमुने खुले, मन खुले. फक्त शेवटी जे औषध निघते ते पेटंटच्या तिजोरीत बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी कोविडचा नवा अवतार ओळखून तत्काळ जगाला सांगितले. जगाने त्याचे बक्षीस काय दिले? दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना बंदी! खुलेपणाचे धडे त्यांना शिकवायचे कुणी, आणि कोणत्या तोंडाने? दुसरा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे: माणूस हा माल नव्हे, म्हणून त्याला बाजाराच्या करारात आणायचे नाही. हेतू थोर होता, आम्ही मानतो. पण त्याचा परिणाम काय झाला? कच्चा माल पवित्र म्हणून फुकट, आणि पक्का माल बावीस लाख डॉलरला. आम्ही कुणाच्या रक्ताचा भाव ठरवा म्हणत नाही. समाजाची संमती, नमुन्यांवर अखेरचा शब्द, संशोधनात बरोबरीची खुर्ची, आणि निघालेले औषध त्या समाजाला परवडेल अशा दरात देण्याचे बंधन, एवढेच मागतो. मार्च २०१७ मध्ये सान लोकांनी केप टाउनमध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. न्याय, आदर, आस्था, प्रामाणिकपणा. या समाजाला विद्यापीठांना शिष्टाचार शिकवावा लागला. पण ती संहिता आहे, कायदा नाही. मोडणाऱ्याला कोण विचारतो? मे २०२५ मध्ये जिनिव्हात महासाथीचा जागतिक करार मंजूर झाला. विषाणूचे नमुने देण्याच्या बदल्यात लसींत वाटा कसा मिळावा, याची त्यात तजवीज आहे, आणि तपशिलांची घासाघीस त्यापुढे सुरू झाली. वनस्पतीला करार, विषाणूला करार. ज्याच्या अंगात तो विषाणू मेला, त्या माणसाला अजून काही नाही.

वाचक म्हणतील, आफ्रिकेचे दुखणे आफ्रिकेला, आम्हाला काय? आधी आरशात पाहा. वधू-वरांच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आजही ज्या वर्तमानपत्रांतून छापला जातो, त्यांच्या वाचकांनी आफ्रिकेवरच्या अन्यायाबद्दल फार उसासे टाकू नयेत. आमच्या शहरांत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घरमालक दार उघडत नाही, आणि रस्त्यावरची पोरे त्याच्यामागे ‘हबशी’ म्हणून ओरडतात. जंजिऱ्याचा अजिंक्य किल्ला राखणारे सिद्दी कोण होते, हे या पोरांच्या गुरुजींनी त्यांना सांगितले नसावे. कर्नाटक-गुजरातच्या सिद्दींच्या जनुकांत पूर्व आफ्रिकेचे बांटू रक्त आणि भारतीय रक्त कसे मिसळले आहे, ते हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्येच दाखवले. शुद्ध रक्ताच्या आणि रोटी-बेटीच्या कुंपणांच्या बढाया मारणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे, की रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या दरबारात एकसारखेपणाला कवडीची किंमत नाही. एचआयव्हीच्या रुग्णांत आई-बापांकडून वेगवेगळे एचएलए मिळालेली माणसे जास्त काळ तग धरतात, हे १९९९ पासून सिद्ध आहे.

शिवाय आमचे व्यवहार आफ्रिकेशी जोडलेले आहेत. बुर्किना फासोच्या नानोरोत जिच्या चाचण्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, ती आर-२१ मलेरिया लस पुण्यात बनते. दर परवडणारा आहे, ही अभिमानाची गोष्ट. मग पुण्यात लस बनवणाऱ्या देशाने लस टोचून घेणाऱ्या पोरांच्या एचएलएचा अभ्यास नानोरोच्याच प्रयोगशाळेत, नानोरोच्याच नावावर व्हावा यासाठी चार पैसे का सोडू नयेत?

आणि आमचे स्वतःचे काय? १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले, त्यात गडचिरोली आहे, नंदुरबार आहे, अवघा विदर्भाचा आदिवासी पट्टा आहे. ते नमुने कुणाचे? त्यांतून उद्या औषध निघाले तर गोंड, भिल्ल, पावरा पोराचा त्यावर कोणता हक्क? कायदा काय म्हणतो ते आम्ही उघडून पाहिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैविक साधनांची व्याख्या आहे, आणि तिच्या शेपटाला स्पष्ट लिहिले आहे की मानवी जनुकीय द्रव्य यात येत नाही. २०२३ मध्ये या कायद्याची दुरुस्ती झाली, बरेच काही बदलले, आणि हे शेपूट तसेच राहिले! १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली याच देशाने हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द करवून दाखवले होते. स्वयंपाकघरातल्या हळदीसाठी वॉशिंग्टनला धडक मारणाऱ्या सरकारने मेळघाटच्या माणसासाठी दिल्लीत एक दुरुस्ती आणू नये? वेगळा कायदा करा किंवा हाच दुरुस्त करा, पण मानवी जनुकांच्या लाभवाटपाचे कलम संसदेत आणा. आणि ते हातात घेऊन जैवविविधता कराराच्या पुढच्या जागतिक बैठकीत जा. सान, योरुबा, गोंड आणि भिल्ल यांच्या वतीने जकार्ताचा १९९५ चा तो ठराव मागे घ्यावा असा प्रस्ताव भारताच्या नावाने मांडा. आफ्रिकी गटाची पन्नासावर मते आहेत. प्रस्ताव मांडायला एक देश लागतो. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या अठ्ठेचाळीस खासदारांपैकी कोण हा प्रश्न सभागृहात विचारतो, ते आम्हाला पाहायचे आहे.